दाराला लागू देऊ नकोस

हॅलो? … हां ताई, बोल. … नाही गं, कामात नाहीये. म्हणजे आहे, पण आता काय… थांब, जरा जिन्यात येते. इथे बॉस मागेच बसतो.

हां, बोल आता. … आवाज? काही नाही झालंय आवाजाला. … रडत नाहीये. … बरं, रडले थोडी. बाथरूममध्ये. झालं समाधान?

अगं, ते माझं तपासनीसाचं काम… बंद केलं आज. … नाही नाही, नोकरी आहे. नोकरीला काय धाड भरलीय. कामच गेलं फक्त.

कोणतं म्हणजे? दोन वर्षं तुझं डोकं खाल्लं त्यापायी, आणि आता कोणतं विचारतेस? … कर्नलचं, हो. आणि आईला सांग एकदा, घरी येईल त्याला सांगत असते लेक कर्नलच्या हाताखाली आहे म्हणून. तो लष्करातला नव्हे. मशीनच्या पोटातला सगळ्यात आतला प्रोग्रॅम. बाकीचे सगळे त्याच्या जिवावर चालतात.

हो, हो… अगं ऐक ना. तो कोड रोज एकत्र करून त्याचा पक्का माल बनवतात. बिल्ड म्हणतात त्याला. तू दळण समज. तर मी त्या दळणाच्या तोंडाशी एक निवडणारा बसवला होता, तोच तपासनीस. तो प्रोग्रॅम चालवत नाही, नुसता वाचतो, ओळ न ओळ, आणि खडा दिसला की गिरणीच थांबवतो. खडा काढा, मग पुढे. … हो, साधंच आहे. साधंच होतं.

मग काय, बॉसला गिऱ्हाइकापुढे मिरवायचं होतं. म्हणाला, तपासनीसाचे सगळे नियम एकदम चालू कर. मी म्हटलं, अहो थोडे थोडे करू, लोकांना सवय होऊ दे. पालथ्या घड्यावर पाणी. केले चालू. … काय होणार? स्क्रीन लालेलाल. इथे नाव बरोबर नाही, तिथे मोकळी जागा जास्त सोडलीय, असल्या तक्रारींचा ढीग. आणि त्या ढिगात खरे खडे. लोक वैतागले. त्यात एक सोय असते, ओळीच्या वर 'पाहिलं, ठीक आहे' असं लिहिलं की तपासनीस त्या ओळीपुरता गप्प बसतो. … हो ना. एकाने लिहिलं, दुसऱ्याने तेच उचलून चिकटवलं. जिकडे बघावं तिकडे 'पाहिलं, ठीक आहे'. पाहिलं कोणीच नव्हतं.

मागच्या महिन्यात माल पाठवायची घाई झाली, तेव्हा बॉस म्हणाला, एवढ्यापुरतं थांबवू नकोस, तक्रारी एका फायलीत जाऊ देत, स्क्रीन हिरवी राहू दे, नंतर बघू. आज म्हणतो, तेच बरं चाललंय, कायमचं करून टाक. … मीच केलं. दुसरं कोण करणार? एक ओळ बदलली, झालं. … भांडले ना. भांडून काय, तो म्हणतो तुझं बरोबरच आहे. आता बरोबर आहे म्हणणाऱ्याशी कसं भांडायचं, सांग.

जाऊ दे. तू कशासाठी फोन केलास? … काय? … खरंच? आई स्वतः म्हणाली? … अगं मग हे आधी नाही का सांगायचं.

चपला घालून बसलीय? … त्या कोऱ्या? … अगं बाई. त्या लिफ्टमध्ये अडकल्यापासून दार नाही ओलांडलंय तिने. मी तर आशाच सोडली होती. … हो, मलाही येतंय रडू, पण हे वेगळं. … खालच्या बाकावर? बसू दे. हवा तितका वेळ बसू दे. तू सुट्टी घेतलीस ते फार बरं केलंस.

आणि लिफ्ट? … दुरुस्त झाली? कधी? … परवाच? … डबा बदलला? कसला डबा? … भिंतीतल्या कपाटातला, हां, कंट्रोलर, लिफ्ट चालवणारा. … ताई, एक काम कर. ते कपाट आपल्याच मजल्यावर आहे ना, दारासमोर? त्यावर काही चिन्ह आहे का बघ. … अगं असंच. बघ तर.

… निळा त्रिकोण.

… नाही, आहे मी. … हो, आमचाच आहे. … अभिमान कसला, ताई. तो मागच्या महिन्यातला माल आहे.

आईला आज नको नेऊस.

… अगं ऐक, ऐकून घे. त्या ढिगात एक खरा खडा होता. मी स्वतः तपासलेला. लिफ्टचं दार मिटताना कशाला तरी लागलं की परत उघडतं ना, तिथे. तेवढ्या कामापुरतं प्रोग्रॅम आत एक कुलूप लावून घेतो, मध्ये दुसऱ्या कुणी लुडबुड करू नये म्हणून. काम झालं की सोडायचं. पण दार लागून मागे फिरलं, की हा प्रोग्रॅम कुलूप न सोडताच तिथून निघून येतो. आणि नेमकं तेव्हा खालून कोणी बटण दाबलं, तर ते काम त्या कुलपाची वाट बघत बसतं. दार मिटतं, लिफ्ट निघते, आणि मध्येच उभी. … नाही, पडत नाही. त्याला वेगळे ब्रेक असतात. नुसती उभी राहते. … नुसती म्हणजे काय ते आईला विचार.

… मेकॅनिकने दहा वेळा वरखाली केली असेल, त्याला काही होणार नाही. पण आईचा वॉकर, ताई. तो दाराला लागतोच. दर वेळी लागतो. ती एक पाय आत टाकेपर्यंत दार मिटायला लागतं.

… सांगितलं ना बॉसला. मेल केली. त्याने अंगठा पाठवला. … अंगठा गं, फोनवर पाठवतात तो. … लिफ्टवाल्यांना सांगून काय होणार? ते आमच्याच ऑफिसला विचारणार, आणि ऑफिस म्हणणार, हे बघा, बिल्ड हिरवं आहे.

… काय म्हणालीस? … नाही, बोल ना, स्पष्ट बोल. … माझं नेहमीचंच.

… हो, गॅसच्या नळीचं म्हटलं होतं. … गिझरचंही. … स्टुलाचं पण, हो. काही झालं नाही, मान्य. … बरोबर आहे, लांडगा आला रे आला. … नाही गं, रागावले नाहीये. तुमचंही चुकत नाही. मी उठता बसता कशा ना कशाला नको म्हणते, त्यात हे एक नको वेगळं कसं ओळखू येणार? मीही तसलीच, सगळे नियम एकदम चालू.

पण हे खरं आहे, ताई. एवढं एक.

… डॉक्टर काय म्हणाले? … हं. आज नाही गेली तर पुन्हा म्हणायची नाही. … कळतं गं. मलाही कळतं.

… नको, आईला नको देऊस फोन. ताई, नको…

हॅलो आई. … हो, ताईने सांगितलं. … चावत नाहीत ना चपला? … नाही, मी कुठे अडवतेय. … हं. … हं. … आमच्याच कंपनीचा, हो. … मी तिथे आहे म्हणून भीती नाही वाटत?

… नाही, ऐकतेय. … आई, मी एकटी नाही बनवत गं ते. … हो. … हो.

जा. … जा तू. ऊन असेल बाकावर, डोक्याला रुमाल बांध. दे ताईला.

… मग काय सांगायचं होतं मी? तूच सांग. नको म्हटलं असतं तर तिने चपला काढून ठेवल्या असत्या. कायमच्या.

ऐक, एवढं कर. वॉकर आधी आत घे, घडी घालून. मग तिला धरून आण. दाराला काही म्हणजे काही लागू देऊ नकोस. पिशवीसुद्धा नाही. आणि पायाने अडवू नकोस, दार उघडं ठेवायचं बटण दाबून धर. … ते चालत नाही? कधीपासून? … बरं. … पाणी घेतलंस? घे बाटली. … घाबरवत नाहीये. घे नुसती.

फोन चालू ठेव. … माहितीये, आत गेलं की कट होतो. होईल तेव्हा होईल. खाली पोचलीस की आधी मला लाव.

… आली? … वॉकर आत? … छान. … तिला म्हण घाई नाही. सावकाश. … एक पाय आत, हां. … धरलंयस ना? … कसला आवाज झाला?

दार लागलं? कशाला? … चपलेच्या टाचेला? … उघडलं ना परत? ताई, वर बाण बघ, खालून कोणी बोलावलंय का. बाण लागलाय का? … मग थांब, तिला बाहेर घे. आधी बाहेर घे तिला… हॅलो?

ताई?

हॅलो?

… अं? बॉसने पाठवलं तुला? … नाही, काही नाही. घरचा फोन होता. … बिल्ड? हो, झालं मघाशीच. … हिरवं. … नाही, एकही वॉर्निंग नाही.

तू हो पुढे. मी फोन लावतेय घरी. … लागत नाहीये.