तात्यांचे उपाशी भुंगे

तुमी हसाल, पण चिमुकल्या भुंग्यांपायी माझी झोप उडाली होती. कन्हेरी गावात आमच्या बांधावर गाजरगवत माजलेलं, म्हणून ते खाणारे मेक्सिकन भुंगे मी डबाभर आणून सोडले. झालं, शेजारचे तात्या औषधाचा पंप पाठीला लावूनच आले.

"माझी वांगी खाल्ली तर?"

"तात्या, ते गाजरगवताशिवाय कशालाच तोंड लावत न्हाईत."

"तसं त्यांनी तुला लिहून दिलंय व्हय?"

तात्यांनी त्यातले वीसेक भुंगे धरले आणि वांग्याच्या रोपासकट मच्छरदाणीखाली कोंडले. "एक पान जरी कुरतडलं, तर तुझ्या बांधावर औषध मारलंच समज."

तीन दिवस मला जेवण गोड लागलं न्हाय. चौथ्या दिवशी सकाळीच तात्या विळा घेऊन दारात उभे.

मी भीत भीत विचारलं, "पान खाल्लं का?"

"कुठलं खात्यात! तोंड फिरवून बसल्यात."

माझा जीव भांड्यात पडला. "मग विळा कशाला?"

"अरं, उपाशी मरायला लागल्यात बिचारे. तुझ्या बांधावरचं मूठभर गाजरगवत कापून नेतो. माझ्याकडचं मी परवाच उपटून टाकलं!"