प्लॅटिनमचा चौथा हात

अध्यक्षस्थानी असलेले प्राचार्य आदिनाथ कराळे सर, संस्थेचे विश्वस्त आदरणीय बजरंगअण्णा, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या रसायनशास्त्राच्या रोहिणी म्हस्के मॅडम आणि समोर बसलेले सर्व गुरुजन व मित्रमैत्रिणींनो, प्रज्ञाचा नमस्कार.

मॅडमकडे पीएचडी करणारी मी शेवटची विद्यार्थिनी. आमचं काम थायोसेमिकार्बाझोन नावाच्या रेणूला प्लॅटिनम जोडायचं. अण्णा, घाबरू नका, परीक्षा घेत नाही! प्लॅटिनमला चार हात. तीन आमच्या रेणूनं धरले, मग चौथा कुणी? पाण्यानं, असं मॅडमनी वर्षानुवर्षं फळ्यावर काढलं, शोधनिबंधांत छापलं. पण प्रत्यक्ष पाहिलं होतं कुणी? त्यासाठी स्फटिक हवा, आणि नगरच्या उन्हात आमचं द्रावण भराभर उडून नुसती भुकटी उरायची. शेवटी मॅडमनी बाटली तिसगावला, माहेरच्या थंड, अंधाऱ्या धान्याच्या खोलीत नेऊन ठेवली. एक दिवस त्यांच्या आईंचा, बनुबाईंचा फोन आला. "रोहिणे, म्या हात लावला न्हाई. पन बाटलीत लई बारीक लाल खडं झाल्यात, बघ!"

खडे क्ष-किरण तपासणीला पुण्याला गेले. रचनेचं चित्र संगणकावर उघडलं आणि मी बघतच राहिले. पाणी कुठंच नव्हतं! चौथ्या हातानं शेजारच्या रेणूतलं गंधक धरलेलं, त्या शेजाऱ्यानं त्याच्या शेजाऱ्याचं. चार प्लॅटिनम फेर धरून उभे! एवढ्याशा खड्यात इतका देखणा मेळ कुणी बसवला असेल? माझ्या अंगावर काटा आला. पण लगेच ध्यानात आलं: मॅडमचं आयुष्यभराचं चित्र चूक ठरत होतं, तेही निवृत्तीच्या तोंडावर. माझी पीएचडी तर त्यांच्याच सहीवर अडलेली.

मॅडमनी चित्र पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं. म्हणाल्या, "प्रज्ञा, किती सुंदर आहे गं हे! आणि मी काय काढत बसले होते!" त्याच दुपारी त्यांनी नियतकालिकाला स्वतःच्या चुकीची दुरुस्ती पाठवली आणि विभागात पेढे वाटले. चूक सापडली म्हणून पेढे! असं माणूस मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

काल त्यांचा शेवटचा तास होता. फळ्यावरची जुनी आकृती त्यांनी स्वतः पुसली, खडू माझ्या हातात दिला आणि पहिल्या बाकावर मुलींमध्ये जाऊन बसल्या. वही उघडून म्हणाल्या, "हं, मॅडम, करा सुरू."

मी फळ्यावर चार प्लॅटिनमचा फेर काढला. आपण सर्वांनी इतकं मनापासून ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही चुकलं असेल तर पदरात घ्या. मॅडम, तुम्ही मात्र घेऊ नका. उठून सांगा.