गॅसची गोळी आणि माझे सोमवार

यांचा गुडघा बरा व्हावा म्हणून मी महादेवाला सोमवार बोलले होते ना सुमनताई, त्या नवसानं मला काय दाखवलं ते ऐका.

गोरेगावच्या डॉक्टरांनी यांना दुखण्याची गोळी दिली आणि पोट सांभाळायला जेवणाआधीची दुसरी. ती दुसरी डबीत तशीच पडून! विचारलं तर म्हणतात, "ते गॅसची गोळी होय. मले गॅस कुठी आहे? मले गुडघा आहे!"

मी हात जोडले, चिडले, काही उपयोग नाही. एका सोमवारी हे अंगणातच पोट धरून बसले. संडास डांबरासारखी काळी झालेली. तसंच दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, "पोटात आतून जखम झाली, रक्त जाऊन राहिलं. गोळी उपाशीपोटी घेता काय?"

"फक्त सोमवारी," हे म्हणाले. "बायको माझ्यासाठी उपाशी, अन् मी भात हाणू? मले लाज नाही वाटत का?"

मी कपाळावर हात मारला! डॉक्टरांनी दुखण्याची गोळी बंद केली, जखमेचं औषध दिलं, तेव्हा कुठे पोट सावरलं. मग मी देवळात जाऊन सांगितलं, "महादेवा, सोमवार तुझेच. पण यांचं जेवण झाल्यावरच माझा उपवास सुरू होईल."

सुमनताई, भाऊजींच्या कमरेसाठी तुम्ही गुरुवार धरणार ना? तेही दुखण्याची गोळी घेतात. मग आधी डॉक्टरांनी दिलेली पोटाची गोळी त्यांना डोळ्यांदेखत गिळायला लावा, पोटभर वाढा, अन् मगच तुमचा उपवास धरा. देव तेवढा थांबतो.