बंद मशीनचा रिमोट

मंडळी, वहिनी, आणि मागं सतरंजीच्या कडेला बसलेले मारोतराव,

मला बोलायला लावू नका म्हणून मी दोनदा सांगितलं होतं. तरी ह्या शोकसभेत उभं केलंत. वहिनींनी उत्तमदादांच्या फोटोपुढं तो रिमोट ठेवलाय. तो बघितल्यावर गप बसणं मला जमायचं नाही.

बऱ्याच जणांना दादा म्हणजे वसमतच्या बसस्टँडसमोरचे रेडिओवाले, एवढंच ठाऊक. रेडिओ गेले, मग दुकानादुकानात कॅमेरे आले. मी त्यांच्या समोरच्या लाइनीतला कॅमेरेवाला. आम्ही कॅमेऱ्यावरचं नाव वाचून माल विकायचो. दादा त्या नावावर अंगठा ठेवायचे! नाव झाकायचं आणि मागचे स्क्रू बघायचे, वायर कुठून निघते ते बघायचं, काचेभोवतीचं रबर नखानं दाबायचं. म्हणायचे, "नाव कोनीबी चिटकवतंय. साचा बघा. हे अन् ते सख्खे भाऊ हायेत." सेनगावच्या एका दुकानात कॅमेऱ्याचं चित्र नुसतं वर वर पळायचं. चार जणांनी वायरी बदलल्या. दादांनी कॅमेरा हातात फिरवला आणि म्हणाले, "ह्यो बाहेरच्या देशातल्या टीव्हीसाठी बनलेला. रेकॉर्डरमधी सेटिंग बदला." बदललं. चित्र थांबलं. मी तिथं होतो. मी आ वासून बघत राहिलो.

आता खरं सांगायचं ते सांगतो.

तीन वर्षांखालची गोष्ट. मोंढ्याच्या बाजारातल्या एका आडतीवर हळदीची सहा पोती कमी भरली. आळ आला मारोतरावांवर. हमाल माणूस. "कॅमेरा बघा, म्या हात लावला न्हाई," म्हणून रडून राहिले होते. पण त्याच आठवड्यात वीज पडून कॅमेऱ्याचं चित्र साठवणारा रेकॉर्डर जळालेला. आतली डिस्क शाबूत, पण ती दुसऱ्या कुठल्या मशीनवर उघडेना. त्या नावाची कंपनीच बंद पडलेली. आडत्यानं मला विचारलं. मी म्हणालो, आता काही होत नाही, नवा सेट घ्या.

हे माझं वाक्य लक्षात ठेवा.

दादांनी त्या जळालेल्या मशीनचा रिमोट उचलला आणि बाजारात निघाले. जिथं रेकॉर्डर दिसेल तिथं उभं राहायचं, रिमोट धरायचा, बटन दाबायचं. लोक हसून राहिले. दादा हिंगोलीला जाऊन आले, कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यापर्यंत जाऊन आले. मी विचारलं, "दादा, काहून एवढी तकलीफ?" म्हणाले, "मशीन मेलं, पन भाऊबंद आसतीलच की त्याचे. हाक मारून राहिलो. ओ देईल त्यो आपला."

तिसऱ्या दिवशी ते माझ्या दुकानात आले. फळीवर माझा नवाकोरा रेकॉर्डर चालू होता. त्याच्यावर माझ्या पोरीचं नाव. खोकं कोरं यायचं, स्टिकर मी छापून लावायचो, आणि गिऱ्हाइकाला सांगायचो, एकदम वेगळी कंपनी! दादांनी बटन दाबलं. माझ्या मशीननं ओ दिली. मेनू बराबर उघडला.

हो मंडळी, मला आधीपासून ठाऊक होतं. ते आणि हे एकाच कारखान्याचं, म्हणजे ती डिस्क ह्याच्यावर उघडणार. पण ते बोललो असतो तर माझं स्टिकर उघडं पडलं असतं. म्हणून मी एका माणसाला चोर राहू दिलं. मारोतराव, ऐकताय ना?

दादांनी माझ्याकडं बघितलं. "घडीभर हे मशीन द्या," एवढंच बोलले. डिस्क जोडली. आडत्या आला, मारोतराव आले, दुकान माणसांनी भरलं. दादा म्हणाले, "पुसून टाकू का म्हनून मशीन इचारंल. बटनाला कोनी हात लावू नगा, समदं जाईल. आता गप ऱ्हावा. डिस्क फिरती का ऐकू द्या."

आम्ही उभे. कोणी खोकलं नाही. मग बारीक घूं असा आवाज आला. पडद्यावर तारखा आल्या. मग दुपारचा मोंढा आला. आणि आडत्या स्वतःच हात करून ती पोती भलत्याच टेम्पोत टाकायला लावताना दिसला. चुकून. मारोतराव लांब टाकीपाशी भाकरी खाऊन राहिले होते. शिकलेली माणसं हरली होती तिथं ह्या माणसानं एका रिमोटनं सत्य हुडकून आणलं. मला अजून त्याचं नवल वाटतं, आणि स्वतःची लाज वाटते.

माझं बिंग त्यांनी कुठंच फोडलं नाही. जाताना माझ्या स्टिकरवर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "माल चांगला हाय तुमचा. मंग खोटं काहून बोलता?" ह्याचं उत्तर मी त्यांना दिलं नाही. रोज समोरून जायचो, तरी दिलं नाही.

मारोतराव, तुमची माफी मागायला मी दादांच्या जाण्याची वाट बघितली. तुम्ही माफ करा न करा, तुमचा हक्क आहे.

आता सगळे उभे राहू. दोन मिनिटं. त्या दिवशी दादांनी उभं केलं होतं तसं, बारीक आवाज ऐकायला उभं राहतात तसं. मारोतराव, जमलं तर इथं माझ्या शेजारी या.