न मानणाऱ्याची साक्ष

मंडळी, एक सांगा. मरणाऱ्या माणसापाशी बसलात, तर त्याला धीर द्याल की खरं सांगाल? — माना डोलावू नका! अजून गोष्ट कुठे सांगितली मी?

खाडीकाठचं गाव. तिथे होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा पुरुषोत्तम. नाव देवाचं, आणि देवाशीच उभा दावा! देवळाच्या पायरीवर बसायचा, पण सावलीसाठी. — हसता काय? तुमच्यातले किती जण आत्ता पंख्यासाठी बसलेत?

एकदा होडी उलटली. पुरुषोत्तम तळाला! वर काढला तेव्हा श्वास नाही, नाडी नाही. लोकांनी छाती दाबली, दाबतच राहिले — आणि आला की परत! गावाने विचारलं, काय दिसलं रे? म्हणाला, उजेड होता. मेंदूला हवा कमी पडली की होतं तसं. झालं! गाव हिरमुसलं.

पुढे भागीरथीकाकू अंथरुणाला खिळली. जन्मभर देवळात दिवा लावणारी बाई, पण शेवटी अशी भ्यायली, की ओठांवर नाम येईना! गीता वाचली, गंगाजल घातलं, तरी डोळे भेदरलेलेच. म्हणाली, पुरुषोत्तमाला बोलवा. तो जाऊन आलाय.

दारातच तिच्या मुलाने, श्रीधरने, त्याचा हात धरला. "देव दिसला म्हणून सांग. तुझं काय जातंय?"

काय जातंय! मंडळी, पुरुषोत्तमाची आई गेल्यावर ह्याच काकूने त्याला जेवू घातलं होतं. आणि काम तर एका शब्दाचं! तो उशाशी बसला. काकूने मनगट पकडलं — नखं रुतली.

"देव होता का रे तिथे?"

श्रीधर डोळ्यांनी विनवतोय. पुरुषोत्तम काकूकडे वळला.

"मला नाही दिसला, काकू."

श्रीधरने कपाळाला हात लावला.

"पण भीती नव्हती," पुरुषोत्तम म्हणाला. "धडपड झाली ती आधी. मग काही दुखेना. एकटंही वाटलं नाही. का, ते मला कळत नाही. पुढचं ठाऊक नाही."

काकू त्याच्याकडे बघत राहिली. "इथले सगळे मला बरं वाटावं म्हणून बोलतात. तू तसं बोलणार नाहीस."

पकड सैल झाली. आणि मंडळी, ओठ हलले — राम, राम! पुरुषोत्तमाने नाम घेतलं नाही. हात मात्र शेवटपर्यंत सोडला नाही.

आता बोला! अख्खं गाव टाळ कुटणारं, आणि काकूला भरवशाचा सापडला कोण? आपण ज्या तोंडाने नाम घेतो, त्याच तोंडाने घरात, दुकानात काय काय बोलतो? उद्या तुम्ही कुणाच्या उशाशी बसाल. तो तुमच्या तोंडाकडे बघेल. त्याला तुमचा शब्द खरा वाटेल, असं जगलोय का आपण? — घेऊ, नाम घेऊ. पण आधी ज्याने त्याने मनात उत्तर द्या.