सव्वा एकचं दुखणं

(फोनवर नवरा-बायको. तो गावी माशांच्या हौदांपाशी, ती हाँगकाँगला एका म्हातारीला सांभाळायला; तो तिला ‘बूने’ म्हणतो, ती त्याला ‘पाक्ने’.)

सुतियाह : ते सगळं राहू द्या. नवी गोळी सुरू केलीत की नाही, तेवढं सांगा.

वागिमान : पाकीट टेबलावर आहे.

सुतियाह : डोकं टेबलाचं दुखत होतं का?

वागिमान : बूने, हाँगकाँगला जाऊन फार टोचून बोलायला लागलीस तू.

सुतियाह : नऊ वर्षं झाली जाऊन, आत्ता कळलं? आणि मी हळू बोलतेय हां, पोपोचा आत्ताच डोळा लागलाय. म्हातारी झोपली की माझा तास सुरू. किती वाजले तुमच्याकडे?

वागिमान : एकला पाच कमी.

सुतियाह : म्हणजे वीस मिनिटं आहेत. सव्वालाच येईल ना तुमचं?

वागिमान : सहा वर्षांत कधी चुकलंय? मशिदीतली अजान मागेपुढे होईल, माझं दुखणं नाही.

सुतियाह : मग तेवढ्यात बोलून घ्या. डॉक्टर काय म्हणाले? सगळं सांगा, गाळू नका.

वागिमान : म्हणाले, आजवर दुखणं आलं की आपण त्याच्यामागे काठी घेऊन धावत होतो. ही गोळी ते यायच्या आधीच दार लावून घेते. रोज घ्यायची, दुखो न दुखो.

सुतियाह : मग चांगलंच की, पाक्ने!

वागिमान : पुढचं ऐक. गोळी मुळात हृदयाची. डोक्याच्या दुखण्याला हृदयाची गोळी! ठोके मंद करते म्हणे. म्हणून आधी कार्डिओग्राम, मग दर दोन आठवड्यांनी पुन्हा कार्डिओग्राम, पट्टी ठीक आली तरच डोस वाढवणार. पाय सुजतील, पोट साफ होणार नाही. आणि एवढं करून लागू पडेलच असं नाही.

सुतियाह : आणि तुम्हाला भीती कशाची वाटतेय? पोट साफ न होण्याची?

वागिमान : कांग सारमिन आठवतो ना?

सुतियाह : तुमचा भाऊ मी कशी विसरेन?

वागिमान : हौदाच्या काठावर जाळं घेऊन बसला तो उठलाच नाही. सत्तेचाळीस वर्षांचा. मला अठ्ठेचाळीसावं लागलंय.

सुतियाह : हे डॉक्टरांना सांगितलंत?

वागिमान : सांगितलं. दोनदा पट्टी काढली त्यांनी. ठीक आहे म्हणाले.

सुतियाह : ठीक आहे ना? मग झालं तर!

वागिमान : झालं कसं? माझा ठोका चुकला तर बघायला इथे कोण आहे? लेक एंदाह कालिमंतानला नवऱ्याच्या घरी. तू तिथे. छातीला कान लावून कोण बघणार, गोल्डफिश?

सुतियाह : शेजारच्या बू रुक्मीला सांगा ना, डोकावत जा म्हणावं.

वागिमान : डोकावते की. परवा म्हणाली, तुमच्या अंगात वारा शिरलाय, पाठीवर नाणं घासून घ्या. म्हटलं, बाई, नाणं आहे, पाठही आहे. घासायला दुसऱ्याचा हात लागतो.

सुतियाह : ऐका, पुढच्या महिन्यात माझा करार संपतोय. एजंटबाई नवा कागद देऊन गेलीय, आणखी दोन वर्षांचा. उशीखाली ठेवलाय.

वागिमान : हं.

सुतियाह : पोपोची मुलगी रोज विचारते. मी तिला सांगितलंय, नवऱ्याला नवं औषध सुरू होतंय, त्याचं काय होतं बघू दे. लागू पडलं तर सही करते. दोन वर्षांत मागचे हौदही बांधून होतील. नाही लागू पडलं तर सरळ परत येते. असल्या दुखण्यात तुम्हाला एकटं नाही ठेवायचं मला.

वागिमान : म्हणजे दुखलं तर येणार.

सुतियाह : हो.

वागिमान : आणि बरं वाटलं तर नाही.

सुतियाह : असं काय वाकड्यात शिरता? बरं वाटल्यावर माझ्यावाचून तुमचं काय अडणार आहे?

वागिमान : बरोबर आहे. काय अडणार आहे.

सुतियाह : सिलिंडर जवळ घेतलाय ना? भरलेला आहे?

वागिमान : कालच आणला. निम्मा मासे पाठवायच्या पिशव्यांना, निम्मा मला. दुकानदार विचारत होता, एवढा ऑक्सिजन लागतो, धंदा वाढला का? म्हटलं, घरात एक थोरला मासा पाळलाय, रोज पंधरा मिनिटं पितो.

सुतियाह : हसवू नका, पोपो उठेल. मास्क हातात घ्या आता.

वागिमान : घेतला. बूने...

सुतियाह : काय?

वागिमान : आलं.

सुतियाह : डावा डोळा?

वागिमान : डावाच. पाणी सुटलं... नाक...

सुतियाह : नळ पूर्ण सोडा. बोलू नका. फोन टेबलावर ठेवा, मी आहे. घ्या श्वास. फिरावंसं वाटतंय? फिरा. पण भिंतीवर डोकं आपटायचं नाही, मला आवाज येतो इकडे. पाच मिनिटं झाली.

वागिमान : बू...

सुतियाह : गप्प राहा म्हटलं ना! मी बोलते. पोपो घोरतेय. आज तिनं माझ्या हातची भाताची पेज दोन वाट्या खाल्ली. समोरच्या इमारतीत कुणीतरी चादरी वाळत घातल्यात, अकराव्या मजल्यावर. नऊ मिनिटं. श्वास घ्या. ओरडा, ओरडलात तरी चालेल, बू रुक्मीला माहितीय. बारा मिनिटं. आता उतरेल. उतरतंय का?

वागिमान : ...गेलं.

सुतियाह : बसा खाली. पाणी प्या. आणि आज संध्याकाळी गोळी घ्या. माझ्यासाठी घ्या.

वागिमान : तुझ्यासाठी घ्यायची की नाही घ्यायची, तेच तर कळत नाही.

सुतियाह : काय म्हणालात?

वागिमान : काही नाही. घेतो.

(चार आठवड्यांनी. दुपारची तीच वेळ, फोन त्याच टेबलावर. हौदांमध्ये हवेच्या नळ्यांची बुडबुड चालू आहे.)

वागिमान : आई गं... डोळा फुटतोय, बूने.

सुतियाह : हो का.

वागिमान : कालच्यापेक्षा जास्त आहे आज. हाय हाय...

सुतियाह : मास्क लावलाय ना?

वागिमान : लावलाय.

सुतियाह : मग बोलणं इतकं स्वच्छ कसं ऐकू येतंय?

वागिमान : ...जरा बाजूला केला.

सुतियाह : बरं. म्हणजे गोळीचा काही उपयोग नाही म्हणायचं.

वागिमान : काडीचा नाही. परवा डोस वाढवला, पट्टीही ठीक आली, पण दुखणं आहे तिथेच. आता तूच बघ काय ते. आई गं!

सुतियाह : पाक्ने, आज ऑर्डर कितीची आहे?

वागिमान : कसली ऑर्डर?

सुतियाह : पिशव्यांची.

वागिमान : इथे माझं डोकं फुटतंय आणि तुला पिशव्या सुचतायत?

सुतियाह : मला कुठे, तुम्हालाच सुचतायत. सुस्स, चार आकडे मोजून पिशवीत ऑक्सिजन. मग पीळ. मग टप् टप्, रबराचे दोन वेढे. की पुन्हा सुस्स. इथे येण्याआधी तेरा वर्षं तुमच्या शेजारी बसून पिशव्या बांधल्यात मी. खऱ्या दुखण्यात तुम्हाला स्वतःचं नाक पुसता येत नाही. आज हाय हाय करता करता सात पिशव्या बांधल्यात. आठवी हातात आहे ती बांधून टाका. मासा ताटकळलाय.

वागिमान : बूने...

सुतियाह : कधी थांबलं?

वागिमान : आज सतरावा दिवस.

सुतियाह : एकदाही नाही आलं?

वागिमान : एकदाही नाही. पहिल्या दिवशी सव्वा वाजले तसा मास्क घेऊन बसलो. दीड वाजला. आलंच नाही. तुझ्यापुढे खोटंच कण्हलो, फोन ठेवला नि कोपऱ्यावरून लोधो आणला, कोंबडीचा, नारळाच्या रसातला, वाफा निघत होत्या. सहा वर्षांत पहिल्यांदा दुपारी गरम जेवलो. जेवता जेवता रडू आलं.

सुतियाह : आणि मला सांगितलं नाहीत! अहो, उड्या मारल्या असत्या मी!

वागिमान : उड्या मारून कागदावर सही केली असतीस. तूच म्हणालीस ना, दुखलं तर येईन. घेतो म्हटल्यावरही त्या पाकिटाकडे मी तीन दिवस नुसता बघत होतो, ते काय सारमिनच्या आठवणीनं? तीही भीती होती, नाही म्हणत नाही. पण गोळी लागू पडली तर तू आणखी दोन वर्षं गेलीस, ही भीती मोठी होती.

सुतियाह : मग सरळ ये म्हणायचं होतं. नऊ वर्षांत एकदा तरी म्हणालात?

वागिमान : तोंडातून निघत नाही गं. घर, हौद, एंदाहचं लग्न, सगळं तुझ्या हातांवर झालं. मी कुठल्या तोंडानं म्हणू, सोड नि ये? डोकं दुखत होतं ते बरं होतं. माझ्या वतीनं तेच हाका मारत होतं. रागावलीस?

सुतियाह : नाही. मला आधीच कळलं होतं.

वागिमान : कधी?

सुतियाह : पाचव्या-सहाव्या दिवशीच रबराचा आवाज आला. न्हाणीघरात जाऊन तोंडात टॉवेल कोंबून रडले मी, पोपो उठू नये म्हणून. इतका आनंद झाला होता.

वागिमान : मग बोलली का नाहीस?

सुतियाह : बोलून काय झालं असतं? हा तास मला मिळतो तो नवरा आजारी आहे म्हणून. आणि खरं सांगू? दुखणं सोडून आपण सहा वर्षांत काय बोललोय? कुठला डोळा, किती मिनिटं, सिलिंडर भरला का. बरा झालेला माणूस मला फोन कशाला लावेल, असं वाटलं.

वागिमान : वेडी आहेस.

सुतियाह : आणि तुम्ही फार शहाणे!

वागिमान : तो कागद... उशीखालीच आहे ना?

सुतियाह : नाही.

वागिमान : मग?

सुतियाह : सही करून दिला. गेल्या शुक्रवारी. रोज हाय हाय म्हणालात, एकदाही ये म्हणाला नाहीत. मला वाटलं, माणसाला फोन पुरतोय. घरी माझी वाट कुणी बघत नाही.

वागिमान : दोन वर्षं.

सुतियाह : दोन वर्षं.

वागिमान : मोडता येत नाही?

सुतियाह : येतं. महिनाभर आधी सांगायचं. पण परवा पोपो पडली, माझ्याशिवाय कुणाच्या हातून घास घेत नाही. आता मी कुठल्या तोंडानं सांगू?

वागिमान : आणि समज, गोळी बंद केली...

सुतियाह : काय?

वागिमान : नुसतं विचारतोय. पुन्हा दुखायला लागलं, तर...

सुतियाह : पाक्ने! माझी शपथ आहे तुम्हाला. तुमचं ते ओरडणं सहा वर्षं ऐकलंय मी, आणि इथून तुमच्या कपाळावर हात ठेवता येत नाही. एक गोळी चुकवलीत तर फोन उचलणार नाही. ऐकलंत?

वागिमान : ऐकलं. नाही चुकवत.

सुतियाह : आणि म्हणा आता तरी.

वागिमान : आता म्हणून काय उपयोग?

सुतियाह : उपयोग नसू दे. मला ऐकायचंय.

वागिमान : ...ये.

सुतियाह : हं.

वागिमान : हं काय?

सुतियाह : ऐकलं. बघते.

वागिमान : नऊ वर्षं बघतेच आहेस.

सुतियाह : किती पिशव्या राहिल्यात?

वागिमान : बावीस.

सुतियाह : पोपो उठायला अर्धा तास आहे. फोन तिथेच असू दे. मी मोजते.

वागिमान : मला येतं मोजता.

सुतियाह : माहितीय. घ्या पिशवी.

वागिमान : घेतली.

सुतियाह : एक... दोन... तीन... चार. लावा रबर.