अकरावा मुद्दा

—नाही नाही मास्तर, बसा आधी, उभ्यानं कसली वही देताय. दोन बस बदलून आलात. ती नको, ही खुर्ची घ्या, ती डुगडुगते. दादा आला असता तर आधी तिचा पाय ठोकून मग बसला असता — होड्यांचा सुतार तो, कुठं फट दिसली की हात स्वस्थ बसत नाहीत. माझा सख्खा थोरला भाऊ, पण अकरा वर्षांत या कचेरीची पायरी चढला नाही. वही मात्र दर महिन्याला, कुणा ना कुणाच्या हाती. धक्क्यावरच्या खांबावर भरतीचं पाणी जिथं टेकेल तिथं पटाशीनं खाच पाडायची, तिची उंची वहीत उतरवायची. हे खूळ त्याच्या डोक्यात कुणी घातलं? मीच. म्हटलं, दादा, परिषदेत आकडे लागतात, नुसतं रडून कुणी ऐकत नाही.

गावात काय सांगतो तो — भाऊ जगाशी भांडतो? असंच सांगत असणार. भांडणारे वेगळे हो. मी कागद लिहितो. सगळी सरकारं हवामानावर बोलायला जमतात ना, तिथं आपल्या सरकारनं काय मागायचं, कुठवर ताणायचं, तो कागद माझ्या हातचा. बारा मुद्दे होते. अकरावा आपला — किनाऱ्यावरची बुडणारी गावं उचलून उंचावर वसवायची, आणि ज्यांच्या धुरानं पाणी चढलं त्या देशांनी त्याला हातभार लावायचा. मागं जोडपत्रात दादाच्या खाचा, तारखांसकट, छापील. मी त्याला पाठवलं होतं ते पान. शाळेच्या भिंतीला लावलंय म्हणता? ...लावलंय का.

त्या कागदाची एक रीत असते मास्तर, बाहेर कुणी बोलत नाही. बारा मागायचे ते बारा मिळावेत म्हणून नाही — दोन-तीन सोडता यावेत म्हणून. प्रत्येक मुद्द्यापुढं पेन्सिलीनं लिहून ठेवायचं, 'धरा' किंवा 'सोडा'. अकराव्यापुढं मी 'धरा' लिहिलं होतं, दोनदा गिरवून. शेवटच्या दिवशी आमच्या सचिवबाई — बोलणी त्याच करतात — व्हरांड्यात आल्या. म्हणाल्या, आपली कोळशाची वीज आणखी दहा वर्षं चालू द्यायला समोरचे राजी आहेत, पण एक मोठा मुद्दा सोडा म्हणतात. नववा सोडू की अकरावा? नववा कोरड्या भागातल्या तलावांचा. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "अकरावा तुमच्या गावचा ना? मग तुम्ही काय सांगणार ते ठाऊकच आहे." चेष्टेनं हो. चार माणसं हसली. एवढंच झालं.

आणि मी म्हणालो, "अकरावा सोडा."

का म्हणालो? रोज विचारतो स्वतःला. वीस वर्षं या खात्यात काढली, कुणी म्हणायला नको ना की हा आपलंच घोडं दामटतो. निःपक्षपाती दिसायचं होतं मला. त्या चार माणसांना. परतीच्या विमानात बाईंनी त्यांचा कागद ठेवायला माझ्याकडं दिला, तो मी उघडला — उघडायला नको होता — नवव्यापुढं त्यांच्या अक्षरात 'सोडा', अकराव्यापुढं 'धरा'. ठरवूनच आल्या होत्या. मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं मास्तर. नुसता गप्प.

आणा ती वही. अक्षर कसं घोटीव आहे बघा, सातवीपर्यंत शिकलेला माणूस. पण हे काय — एकोणीस तारखेनंतर कोरं का? आजारी आहे का? नाही ना? मग? ...खांबच गेला? मुळासकट? आणि घर? — थांबा, थांबा जरा. — तुमच्या शाळेत झोपतो? दुसरीच्या वर्गात? अवजारांची पेटी तरी वाचली का? उशाशी घेऊन झोपतो. बरं. बरं केलं.

हा शिक्का पोचेचा. 'मिळाले, पुढील कार्यवाहीसाठी.' दादाला पोच लागते, नाहीतर वही पोचली असं तो मानतच नाही. परिषद होऊन चार महिने झाले आणि चारही पोचा मी दिल्यात, याच हातानं. आज पाचवी.

काही निरोप आहे का त्याचा? बोला ना, चाचरता कशाला.

...नवा खांब रोवू, की आता गाव हलणारच आहे, तर कशाला लाकूड वाया घालवू — असं विचारलंय?

असंच?

सांगा त्याला, रोव म्हणावं. दोन हात उंच घे म्हणावं या वेळी. का, ते सांगू नका. तो विचारणारही नाही, भावाचा शब्द आहे म्हणून उद्याच खड्डा खणायला घेईल. ही पोच नीट खिशात ठेवा, दुमडू नका. वही राहू दे माझ्याकडं. आणि उठा आता, मास्तर, बस चुकेल तुमची. जाताना तेवढं दार ओढून घ्या.